घरच्या मांजराला हाकलण्यापूर्वी

आजचा विषय पाहून कुणाला हसू येईल, कुणी नाक मुरडेल. परंतु दोन खोल्यांच्या घरात ज्यांनी मांजर पाळले आहे, त्यांना ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही हे ठाऊक आहे. लहानपणी अंगाखांद्यावर खेळलेला बोका वयात येतो आणि एक दिवस दाराच्या चौकटीवर, धान्याच्या कोठीवर, मुलांच्या दप्तरावर लघवीची पिचकारी मारू लागतो. कितीही धुतले तरी वास जात नाही. पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागते, शेजारी बोलू लागतात. मग घरात एकच वाक्य ऐकू येते, "पोत्यात घाला आणि दूर सोडून या."

आमच्याही घरी हेच झाले. उत्तर नागपुरातली आमची वस्ती दाट, घराला घर लागलेले. आठ महिन्यांच्या आमच्या बोक्याने आधी खिडकीखालची भिंत आणि मग खालच्या फळीवरची शाळेची पुस्तके खराब केली. आजी म्हणाली, "मुद्दाम करून राहिला हा. आपण रागावलो म्हणून सूड घेऊन राहिला. कन्हानच्या पलीकडं सोडून या बाप्पा त्याले." धाकटी मुलगी दोन वेळ जेवली नाही. पोते आणून ठेवले होते. सोडण्याआधी एकदा डॉक्टरला तरी दाखवा, असा मुलीने हट्ट धरला म्हणून आम्ही थांबलो. थांबलो हे बरे झाले. त्यानंतर जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सूड नव्हे, निशाणी

पहिली गोष्ट ही की, मांजर सूड म्हणून लघवी करीत नाही. ते निशाणी लावते. मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. लघवीच्या वासावरून दुसऱ्या मांजराला कळते की येथे कोण राहते, ते नर आहे की मादी, आणि निशाणी ताजी आहे की जुनी. आपण दारावर नावाची पाटी लावतो, तसाच हा प्रकार.

ही सवय मांजराच्या साऱ्या कुळाचीच आहे. आपल्या विदर्भात ताडोबा आणि पेंचच्या जंगलात वाघही असेच करतो. शेपटी वर उचलून तो झाडाच्या बुंध्यावर मागच्या बाजूने फवारा सोडतो आणि आपली हद्द आखतो. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या या फवाऱ्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. बासमती तांदळाला ज्या द्रव्यामुळे सुगंध येतो, तेच द्रव्य वाघाच्या फवाऱ्यात आहे, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली जगापुढे मांडले.

घरच्या बोक्याच्या नशिबी मात्र हा सुवास नाही. त्याच्या लघवीत फेलिनीन नावाचे द्रव्य असते. ते हवेत हळूहळू विघटित होते आणि त्यातून गंधकयुक्त उग्र वास सुटतो. म्हणून आज पुसलेली जागा उद्या अधिकच वास मारते. मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलेल्या संशोधनातून 2006 साली हे द्रव्य शरीरात कसे तयार होते ते उघड झाले. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त बनते. म्हणजे दोष बोक्याच्या स्वभावात नाही, त्याच्या वयात आणि शरीरात आहे.

निशाणी की आजार?

उपाय करण्याआधी नीट पाहावे. निशाणी लावताना मांजर उभे असते. भिंतीकडे पाठ करते, शेपटी ताठ वर करते, शेपटीचे टोक थरथरते आणि थोडीशी लघवी उडते. डाग भिंतीवर किंवा पडद्यावर, जमिनीपासून काही इंच वर दिसतो. साधी लघवी मात्र मांजर खाली बसून करते आणि जमिनीवर किंवा अंथरुणावर मोठे ओले होते. मांजर असे बसून भलत्या जागी लघवी करीत असेल, तर त्याची रेतीची जागा घाण आहे, तेथे जायला ते भिते किंवा त्याला लघवीचा आजार आहे, असे समजावे.

येथे एक इशारा लक्षात ठेवा. बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो, पण थेंबही येत नाही, असे दिसले तर त्याचा लघवीचा मार्ग बंद झालेला असू शकतो. एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. घरातली माणसांची गोळी तर मुळीच देऊ नका. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

कारण कुठे शोधावे?

मांजराने निशाणी कोठे लावली, यावरून कारण बरेचदा सापडते. दाराजवळ किंवा खिडकीखाली डाग असतील तर बाहेरचा बोका येत असावा. दप्तर, पाहुण्यांची पिशवी किंवा चपला यांवर असतील तर बाहेरून आलेला अनोळखी वास हे कारण असावे. घर बदलले, रंगकाम झाले, बाळ जन्मले, लग्नकार्यात घर पाहुण्यांनी भरले किंवा एकाच घरात अनेक मांजरे झाली, तरीही मांजर अस्वस्थ होते आणि आपलाच वास पसरवून स्वतःला धीर देते.

आमच्या घरी कारण खिडकीतल्या कूलरपाशी सापडले. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय निभाव लागत नाही. वस्तीतला एक दांडगा बोका रात्री येऊन बाहेरच्या बाजूने कूलरच्या वाळ्यावर पिचकारी मारीत होता. पंखा सुरू झाला की तो वास थेट घरात शिरे आणि आमचा बोका खिडकीखाली आपली निशाणी लावून त्याला उत्तर देई. आम्ही घरच्या बोक्याला मारीत होतो आणि भांडण बाहेरच्याशी चालले होते!

नसबंदीला घाबरू नका

सर्वांत मोठा उपाय नसबंदी हाच आहे. बोका वयात आल्यावर या सवयीला जोर चढतो. दहापैकी सुमारे नऊ बोक्यांमध्ये नसबंदीनंतर ही सवय सुटते किंवा खूप कमी होते. फरक काहींमध्ये लगेच दिसतो, काहींना आठवडे-महिने लागतात. पाच-सहा महिन्यांच्या वयात, सवय जडण्याआधीच शस्त्रक्रिया केलेली उत्तम. मांजरीही माजावर आली की पिचकारी मारते, म्हणून तिचीही करावी. दर वेळी पिल्लांचे काय करायचे, हा प्रश्नही त्यातून सुटतो.

आपल्या नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय 1958 पासून आहे. सेमिनरी हिल्सवरील हे महाविद्यालय आज महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे आणि तेथे जनावरांचे चिकित्सालय आहे. तेथे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. शस्त्रक्रियेआधी किती वेळ उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे आणि त्याच फेरीत रेबीजच्या लसीचेही विचारून घ्यावे.

फिनाईल नको

वास आला की आपला हात आधी फिनाईलच्या बाटलीकडे जातो. परंतु फिनाईल मांजरासाठी विष आहे. मांजर पाय चाटते, फिनाईल पोटात जाते आणि असली द्रव्ये बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या शरीरात फार कमी असते. शिवाय उग्र वास आला की मांजर त्यावर पुन्हा आपला वास चढवते. ब्लीचिंग पावडरही लघवीवर टाकू नये. त्यातून निघणारा वायू घरातल्या माणसांनाही त्रास देतो.

आधी जुन्या फडक्याने ओल टिपून घ्यावी. मग एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून तो भाग चांगला भिजवावा. दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळू द्यावे. लादी किंवा पत्र्यावर शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवता येतो. मात्र तेव्हा जवळपास शेगडी किंवा दिवा पेटलेला नसावा आणि जागा पूर्ण सुकेपर्यंत मांजराला दूर ठेवावे.

पैसे न लागणारे उपाय

जुन्या प्लास्टिकच्या घमेल्यात रेती भरून ते शांत कोपऱ्यात, जेवणाच्या जागेपासून दूर ठेवावे आणि रोज साफ करावे. जमल्यास मांजरांच्या संख्येपेक्षा एक घमेले जास्त असावे. गरोदर बाईने मात्र ही रेती साफ करू नये. त्यातून होणारा संसर्ग पोटातल्या बाळाला बाधू शकतो. ते काम घरातल्या पुरुषांनी करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

खिडकीच्या खालच्या काचेला जुने वर्तमानपत्र चिकटवावे, म्हणजे बाहेरचा बोका दिसत नाही. मासळीची घाण आणि उष्टे दाराशी टाकू नये, त्यानेच बाहेरची मांजरे येतात. कूलर बाहेरून धुऊन जाळी लावावी. जेथे निशाणी लागते ती जागा धुतल्यावर तेथेच मांजराची वाटी ठेवावी, कारण आपल्या जेवणाच्या जागी ते सहसा घाण करीत नाही. दप्तरे आणि पिशव्या खुंटीला टांगाव्यात. मांजराला ओरबाडायलाही जागा हवी, कारण पंजांनीही ते आपला वास ठेवते. बोक्याला नेण्यासाठी आणलेले पोते आम्ही खाटेच्या पायाला सुतळीने गुंडाळले. आता तो रोज तेथेच नखे घासतो.

मांजराला मारू नये, त्याचे नाक लघवीत घासू नये. ते कशासाठी मारले हे त्याला कळत नाही, फक्त भीती बसते. आणि भ्यालेले मांजर अधिकच निशाणी लावते.

आमच्या बोक्याला सुधारायला दीड महिना लागला. त्यानंतरही पाहुण्यांच्या पिशवीवर त्याने दोनदा पिचकारी मारली, हे लपवीत नाही. नसबंदीनंतरही काही मांजरे अधूनमधून असे करतात. पण घराचा वास गेला, शेजाऱ्यांचे बोलणे थांबले. आता तो रात्री आजीच्याच पायाशी झोपतो आणि आजी त्याला उठवू देत नाही.

माताभगिनींनो, घरात वाढलेले मांजर अनोळखी ठिकाणी सोडले तर ते उपाशी मरते, कुत्र्यांच्या तोंडी पडते किंवा गाडीखाली येते. पाळलेल्या जनावराला असे उपासमारीत टाकणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही ठरू शकते. परंतु कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी घरातली मुले सारे पाहत असतात. चूक झाली की हाकलून द्यायचे, हे ती आपल्याकडून शिकतील. चुकीचे कारण शोधून मग उपाय करायचा, हेही ती आपल्याकडूनच शिकतील. तेव्हा पोते हाती घेण्यापूर्वी, भिंतीवरचा डाग कोठे आहे ते एकदा नीट पाहा.