कंठदाह आणि स्वराची साक्ष

ध्वनिविचाराच्या अभ्यासकास स्वरयंत्र परिचित असते ते वाणीचे उगमस्थान म्हणून. शरीरव्यापाराच्या दृष्टीने मात्र श्वासमार्गाचे रक्षण हे त्याचे आद्य कार्य होय. दाहक रसायन गिळले गेल्यास ही दोन्ही कार्ये एकाच वेळी धोक्यात येतात. म्हणूनच बिघडलेला स्वर हे निदानाचे एक साधन ठरते.

अन्नमार्ग व श्वासमार्ग घशात एकमेकांस छेदतात. त्यामुळे कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली किंवा तीव्र आम्ल गिळताना त्याचा स्पर्श स्वरयंत्रावरील झडपेस होऊ शकतो. आम्लाने पेशीजाल गोठून त्याचे कवच बनते. अल्कलीने ते विरघळते व दाह खोलवर जातो. पाठोपाठ येणारी सूज काही तासांत वाढत जाते.

सूज कोठे आहे, हे ध्वनीवरून पुष्कळसे ताडता येते. स्वरतंतूंवर आघात झाल्यास त्यांचे कंपन अनियमित होऊन आवाज घोगरा होतो. त्यांच्या वर सूज असल्यास कंपन शाबूत राहते. परंतु घशाच्या पोकळीचा आकार बदलल्याने, तोंडात घास धरून बोलावे तसा आवाज दबका येतो व लाळ गिळणे कठीण होते. श्वासाची कर्कश घर्घर केवळ आत घेताना ऐकू आल्यास अडथळा स्वरतंतूंपाशी वा त्यांच्या वर, दोन्ही वेळा आल्यास त्यांच्या लगत खाली, आणि सोडताना अधिक आल्यास छातीतील श्वासनलिकेत असावा, असे सामान्यतः मानतात.

ही साक्ष मात्र एकांगी आहे. घर्घर उमटते ती मार्ग बराच अरुंद झाल्यावर. आरंभीचा निकोप स्वर निर्धास्ततेचे कारण होऊ शकत नाही. तोंड भाजलेले नसतानाही अन्ननलिकेत खोल जखम असू शकते. घर्घर मंदावली म्हणजे रोगी सुधारला, हा समज तर प्राणघातक ठरेल. कदाचित वायूचा प्रवाहच क्षीण झालेला असतो.

यास्तव निर्णय प्रत्यक्ष दर्शनानेच करावयाचा असतो. नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. श्वासमार्ग सुरक्षित झाल्यावर, शक्यतो पहिल्या २४ तासांत, अन्ननलिका तपासतात. जिवंत माणसाचे स्वरयंत्र आरशात पाहण्याची रीत मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये स्वतःच्याच कंठावर सिद्ध केली व १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्याचा हेतू गायनस्वराचे स्वरूप जाणण्याचा होता. वैद्यकास त्यातून कंठपरीक्षेची वाट सापडली.