घरची सायडर आणि मधुमेहाची गोळी

गेल्या आठवड्यात ओळखीचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. मुलगा इंग्लंडमध्ये असतो, तो हौसेने घरीच सफरचंदाची सायडर करतो आणि गुरुजी दोन महिने त्याच्याकडे जाणार आहेत. "डॉक्टर, घरी केलेली म्हणजे हातभट्टीच की! डोळे जातील का हो?" हा पहिला प्रश्न. दुसरा त्यांनी निघताना दाराशी विचारला. तो शेवटी सांगतो.

हातभट्टीत आंबवलेले रसायन उकळून त्याची वाफ थंड करतात. सायडर आणि बिअर नुसती आंबवतात. यीस्ट रसातली साखर खाते. तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते. फळाच्या पेक्टिनपासून मिथेनॉलही तयार होते, पण इतके किंचित की त्याने डोळे जात नाहीत. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. इंग्लंडमध्ये घरी पिण्यापुरती बिअर करायला १९६३ सालापासून परवाना लागत नाही. भट्टी लावायला मात्र तिथेही लागतो.

कृती साधी आहे. पाश्चरीकृत, पण टिकवण्याची रसायने न घातलेला साडेचार लिटर रस घ्यायचा. रसायन असेल तर यीस्ट वाढतच नाही. झाडाखाली पडलेली, बुरशी लागलेली सफरचंदे रसाला वापरू नयेत. बरणी, नळी, बुचे सारे जंतुनाशकाने धुवायचे. आमच्या इंजेक्शनच्या सुईइतकी नाही, पण बाळाच्या दुधाच्या बाटलीइतकी काळजी हवीच. यीस्ट घालून बरणीला असे बूच लावायचे, की वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही. वीस अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे लागतात.

घाई करणाऱ्याला इजा होते ती इथे. बुडबुडे थांबले म्हणजे झाले, असे नव्हे. घनतामापकाचा आकडा काही दिवस तोच राहिला, तरच बाटलीत भरावे. साखर शिल्लक असताना बूच घट्ट बसवले तर वायू कोंडतो आणि काच फुटते. फेस येण्यासाठी साखर घालायचीच, तर अर्ध्या लिटरला सपाट अर्धा चमचा पुरे. नवख्याने सोड्याची प्लॅस्टिक बाटली वापरावी. दाबून पाहिले की आतला ताण कळतो.

आता दुसरा प्रश्न. "चवीला गोड नसते म्हणे, म्हणजे मधुमेहाला चालेल ना?" गुरुजी ग्लिमेपिराइड घेतात. साखर यीस्टने खाल्लेली असते हे खरे, पण घोटाळा अल्कोहोलचा आहे. पोट रिकामे असले की यकृत रक्तात साखर सोडत राहते. अल्कोहोल आले की यकृत त्याच्यामागे लागते आणि हे काम मंदावते. त्यात गोळी साखर उतरवत असतेच. मग रात्री उशिरा, कधी पहाटे, घाम, थरथर, बडबड, ग्लानी! घरच्यांना वाटते, चढली आहे, झोपू द्या. आणि माणूस बेशुद्ध होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका.

शिवाय घरच्या सायडरचा जोर लेबलावर लिहिलेला नसतो. ती सहा टक्के धरली, तर अर्ध्या लिटरमध्ये ३० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीचे दोन छोटे पेग भरून वर थोडे. सरबतासारखी लागते म्हणून कोणी मोजत नाही.

गुरुजींना म्हटले, न घेतलेली उत्तम. मुलाचा आग्रह मोडवत नसेल तर जेवणाबरोबर अर्धा पेला, उपाशीपोटी कधीच नाही, झोपण्यापूर्वी बोट टोचून साखर पाहायची, आणि सूनबाईंना ही लक्षणे आधीच सांगून ठेवायची. माणूस शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता रुग्णवाहिका बोलवावी.

आणि हो, येताना यीस्टची पाकिटे आणून इथे प्रयोग नको. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे, मग ते घरी पिण्यापुरते का असेना, दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.