मण्यारीचा दंश आणि अ‍ॅग्रिनची खूण

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जमिनीवर निजलेल्या माणसास रात्री मण्यार चावते. दंशस्थानी सूज बहुधा नसते, वेदनाही अल्प. कित्येकदा दंश झाल्याचे कळतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वास मंदावतो. राजीमान सर्पांच्या विषलक्षणांत सुश्रुताचार्यांनी उच्छ्वासनिरोध सांगितला आहे, त्याचे येथे स्मरण व्हावे. हा निरोध कोठे घडतो आणि त्यातून रुग्ण कसा सावरतो, हे जाणण्यासाठी चेतातंतू व स्नायू यांचा सांधा पाहणे आवश्यक आहे.

या सांध्यात स्नायूच्या पृष्ठभागावर अ‍ॅसिटिलकोलिनचे ग्राहक दाटीने असतात. त्यांना एकत्र आणणारे प्रथिन म्हणजे अ‍ॅग्रिन. त्याचे जनुक एकच. परंतु जनुकाचा आरएनए संदेश चेतापेशी व स्नायुपेशी वेगवेगळ्या रीतीने कापून जोडतात. यासच पर्यायी स्प्लायसिंग म्हणतात. चेतापेशी ‘झेड’ या स्थानी ८, ११ अथवा १९ अमिनो आम्लांचा तुकडा राखते. स्नायुपेशी तो वगळते. सुमारे २,००० अमिनो आम्लांच्या प्रथिनात फरक एवढाच! मात्र तुकडा असलेले अ‍ॅग्रिनच स्नायूवरील एलआरपी-४ या प्रथिनास घट्ट बांधले जाते. त्यामुळे मस्क हे विकर जागृत होते आणि ग्राहक एकवटतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ हे तुकडे वगळलेली उंदरांची पिले जन्मतःच दगावली.

मण्यारीच्या विषातील काही घटक ग्राहक अडवतात, तर काही चेतातंतूचे टोकच नष्ट करतात. तथापि चेतापेशीने पूर्वी स्रवलेले अ‍ॅग्रिन सांध्यातील आधारपटलात रुतलेले असते. ती खूण राहते, सांध्याची जागा टिकते आणि नव्याने वाढणारे टोक तेथे येऊन मिळू शकते. यास काही दिवस, कधी आठवडेही लागतात. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. नष्ट झालेले टोक ते परत आणत नाही. म्हणून प्रतिविष लवकर मिळावे आणि टोक पुन्हा जुळेपर्यंत कृत्रिम श्वासाचा आधार असावा. निश्चल, डोळे मिटलेला रुग्ण आतून शुद्धीवर असू शकतो. त्यास मृत समजण्याची घाई करू नये.

वैद्यबंधुभगिनींनो आणि औषधालयचालकांनो, पावसाळ्यात सकाळी कोणी पोटदुखीसाठी हिंग्वाष्टक मागावयास आले, तर दोन प्रश्न अवश्य विचारावेत : रुग्ण रात्री जमिनीवर निजला होता काय? त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत काय? उत्तर होकारार्थी असल्यास वातव्याधी समजून वाट पाहू नये. गिळण्यास त्रास होत असेल, तर काढा वा चूर्ण तोंडावाटे देऊ नये. रुग्णास तत्काळ शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय अथवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठून द्यावे. सांधा पुन्हा जुळण्याची सोय शरीरात आहे; तोवर श्वास टिकविणे आपणा सर्वांच्या हाती आहे.