हौशी बिनतारी परवाना आणि नवागताचा प्रश्न

हौशी बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रात जुन्या परवानाधारकांच्या तोंडी एक तक्रार नेहमी ऐकू येते. परीक्षा सोपी झाली, मोर्सची सक्ती सैल झाली, पैसे मोजले की तयार यंत्र हाती पडते. त्यामुळे नवे लोक येतात, परंतु त्यांची तयारी पूर्वीसारखी नसते, अशी ती तक्रार. ती केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिका, इंग्लंड, जपान ह्या देशांतही ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तिच्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तीत तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शासनाचा संशय, तांत्रिक सुरक्षितता आणि मंडळात प्रवेश देण्याची रीत ह्या त्या तीन गोष्टी होत. परवान्याच्या एकाच दारावर तिघेही पहारेकरी उभे असल्यामुळे आपणांस कोणी अडविले हे नवागताला कळत नाही, आणि आपण कशाचे रक्षण करीत आहो हे जुन्यांना सांगता येत नाही.

ही गल्लत उलगडून पाहण्यासाठी कल्याणच्या पलीकडील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा सोयीचा आहे. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी उभारलेले गाव. १९४९ साली त्याला हे नाव मिळाले. दुरुस्तीचे व जुळणीचे कसब तेथील बाजारात घरोघर आहे. अंबरनाथला संरक्षण खात्यासाठी उत्पादन करणारे कारखाने असल्याने यंत्रावर हात बसलेला कामगारवर्ग तेथे पूर्वीपासून आहे. बदलापूर हे गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढलेले वस्तीचे शहर. म्हणजे ज्या प्रकारचा मनुष्य ह्या छंदाकडे वळावयास हवा, तो येथे विपुल आहे.

प्रथम व्याख्या. स्वतःचे शिक्षण, परस्पर संपर्क व तांत्रिक संशोधन यांसाठी, आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, केवळ आवडीपोटी बिनतारी केंद्र चालविणारा तो हौशी चालक, अशी आंतरराष्ट्रीय नियमांतील कल्पना आहे. भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये असे पहिले केंद्र चालविले. ऐकण्याची हौस आणि बोलण्याची हौस यांत मात्र महदंतर आहे. रेडिओ ऐकणारा कोणास उपद्रव देत नाही; प्रक्षेपण करणारा देऊ शकतो. म्हणूनच परीक्षा आणि परवाना.

पहिला पहारेकरी शासनाचा. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा ह्यांवर आपली सारी परवानापद्धती उभी राहिली. दुसऱ्या कायद्याने तर बिनतारी यंत्र नुसते बाळगण्यासही परवाना आवश्यक ठरविला. (ज्यांनी टपाल कचेरीत घरच्या रेडिओचे वार्षिक शुल्क भरलेले आहे, त्या पिढीस ह्याचे नवल वाटणार नाही.) १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी चालकांचे परवाने रद्द करून त्यांची यंत्रे जमा करण्यात आली. सरकारची भीती निराधार नव्हती, हे १९४२ च्या चळवळीत दिसून आले. मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी ऑगस्ट १९४२ पासून जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चालविले, त्याच्या तांत्रिक बाजूस नरीमन प्रिंटर ह्या हौशी चालकाचे ज्ञान उपयोगी पडले होते. पुढे पोलिसांना केंद्राचा माग लागला तोही त्यांच्याच मार्फत, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते बंद पडले. स्वातंत्र्य आले, कायदा मात्र तोच राहिला. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची पोलीस चौकशी आणि तीत जाणारे महिनोन् महिने हेही राहिले. त्या जुन्या चौकटीच्या जागी नवी आणावयाचे काम २०२३ च्या दूरसंचार कायद्याने हाती घेतले आहे. ह्या चौकशीचा उमेदवाराच्या ज्ञानाशी काहीही संबंध नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरा पहारेकरी तांत्रिक. ह्याच्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. प्रक्षेपकाची रचना सदोष असेल तर मूळ कंपनसंख्येच्या दुपटी-तिपटीच्या संनादी लहरी बाहेर पडतात आणि त्या दुसऱ्याच कोणाच्या, कदाचित विमानांच्या किंवा पोलिसांच्या, पट्ट्यात जाऊन पडतात. उच्च दाबाच्या यंत्राला हात लावणे प्राणावर बेतू शकते. आपल्या वाट्याची पट्टी कोठे संपते, आणीबाणीच्या संदेशाला वाट कशी द्यावी, स्वतःचे संकेतनाम केव्हा उच्चारावे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती प्रक्षेपक देऊ नये. आपल्याकडील लेखी परीक्षेचे दोन भाग, बिनतारीचे तत्त्व व व्यवहार आणि नियम, हे नेमके ह्याचसाठी आहेत. ही परीक्षा कठीण असावी. किंबहुना प्रत्यक्ष जोडणी व मापन करावयास लावून ती आणखी कठीण केली तरी चालेल.

खरा तंटा आहे तो तिसऱ्या पहारेकऱ्याचा, म्हणजे मोर्सचा. मोर्सची परीक्षा आली ती एका सबळ कारणाने. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी चालक, जहाजे आणि नौदल एकाच लहरपट्ट्यात दाटीने वावरत होते, आणि सर्वांची भाषा मोर्सच होती. ‘थांबा, संकटाचा संदेश येत आहे’ असे किनाऱ्यावरील केंद्राने कळविले, तर ते हौशी चालकाला समजले पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार. पुढे जहाजांचे व हौशी लोकांचे पट्टे वेगळे झाले, ध्वनिसंवाद आला, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी ही सक्ती पायरीपायरीने आकुंचित केली. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेने १,००० मेगाहर्ट्झच्या वर, १९५९ च्या जिनीव्हा परिषदेने १४४ मेगाहर्ट्झच्या वर, आणि १९७९ च्या परिषदेने ३० मेगाहर्ट्झच्या वर ती माफ करण्याची मुभा दिली. जहाजांच्या संकटसंदेशांतून मोर्स १९९९ मध्ये गेली. शेवटी २००३ मध्ये जिनीव्हा येथे सक्ती ठेवावी की नाही हा निर्णय प्रत्येक देशावर सोपविण्यात आला. अमेरिकेने २००७ मध्ये ती पूर्णपणे काढून टाकली. मूळ कारण नाहीसे झाल्यावरही प्रथा टिकते, आणि मग तिला नवी कारणे शोधली जातात, असा समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेला प्रकार येथे घडला. ‘जो बारा शब्दांच्या गतीने मोर्स घेतो तो चिकाटीचा मनुष्य असतो’ हे असेच मागाहून शोधलेले कारण होय.

मोर्सची थोरवी नाकारण्याचा येथे हेतू नाही. मोर्सच्या संदेशाला सुमारे दीडशे हर्ट्झ रुंदीचा पट्टा पुरतो. एकपार्श्व ध्वनिसंवादाला सुमारे चोवीसशे लागतात. ग्राहकात शिरणारा गोंगाट पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात असल्याने मोर्सला सुमारे सोळा पटींचा, म्हणजे बारा डेसिबेलचा, लाभ मिळतो. पाच वॉटच्या घरगुती यंत्रावर दूरदेशीचा माणूस सापडतो तो ह्यामुळे. परंतु हे मोर्स शिकण्याचे कारण झाले. न शिकणाऱ्यास दाराबाहेर ठेवण्याचे नव्हे.

आपल्याकडे पूर्वी प्रगत, प्रथम व द्वितीय अशा श्रेणी होत्या. प्रथम श्रेणीस मिनिटाला बारा आणि द्वितीय श्रेणीस पाच शब्दांची गती लागे. पुढे मोर्स नसलेली एक मर्यादित श्रेणी निघाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर झालेल्या सुधारणेने ‘सामान्य’ व ‘मर्यादित’ अशा दोनच श्रेणी ठेवल्या आणि सामान्य श्रेणीसाठी आठ शब्दांची गती नेमली. मौजेची गोष्ट अशी की, श्रेणी संकेतनामातूनच प्रकट होते. सामान्य परवानाधारकाचे संकेतनाम ‘व्हीयू-२’ ने सुरू होते, मर्यादिताचे ‘व्हीयू-३’ ने. दर संभाषणात आपली पायरी आपल्याच तोंडाने जाहीर करावयाची! इंग्लंडमध्ये १९६४ साली मोर्सविरहित ‘ब’ वर्ग निघाला तेव्हा त्यांनाही ‘जी-८’ असे वेगळे संकेतनाम मिळाले, आणि तेथील जुन्या मंडळींनी ते ‘बिल्ले’ बरीच वर्षे विसरू दिले नाहीत. कायद्याने केलेली विभागणी अशा रीतीने समाजात प्रतिष्ठेची उतरंड बनते. नवागताशी तुसडेपणाने वागणारे थोडे असतात. बहुतेक जुने चालक आपली यंत्रे, वेळ व अनुभव उदारपणे देतात, हेही खरे आहे. परंतु उतरंड असली की त्या थोड्यांच्या हाती आयते हत्यार येते.

मर्यादित श्रेणी आरंभी अतिउच्च कंपनसंख्येच्या दोन पट्ट्यांतील ध्वनिसंवादापुरतीच होती. कागदावर ही अट सर्वांस सारखी दिसते. बदलापुरात तशी नसते. ह्या लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत जातात. बदलापूर व पनवेल यांच्यामध्ये मलंगगड, चंदेरी आणि माथेरान यांची रांग उभी आहे, आणि पुण्याच्या बाजूस सह्याद्रीचा कणा. दादरच्या गच्चीवरील नवशिक्याला ह्या पट्ट्यावर साऱ्या मुंबईची सोबत मिळते. डोंगराच्या कुशीतल्याला, उंचावरचे पुनःप्रक्षेपक केंद्र हाती लागत नसेल तर, उल्हास नदीच्या खोऱ्याबाहेर जाणे अवघड. ह्याउलट ७ मेगाहर्ट्झची लघुलहर जवळजवळ उभी वर सोडली असता आयनांबरावरून परतते आणि दिवसा शेकडो किलोमीटरच्या परिसरात सर्वत्र उतरते. डोंगर तिला आडवा येत नाही. सकाळच्या वेळी भारतातील हौशी मंडळींची बैठक भरते ती ह्याच पट्ट्यावर. तेव्हा नवागताला जेथे जाणत्यांचा सहवास लाभला असता नेमकी तीच जागा त्याला मोर्सअभावी बंद होती. पुढे नियम सैल झाले व मर्यादित श्रेणीसही काही लघुलहरी खुल्या झाल्या, हे बरे झाले.

खुल्या झाल्या तरी तार कोठे ताणावयाची? ७ मेगाहर्ट्झच्या अर्धलहरी आकाशकाला सुमारे वीस मीटर लांबी लागते. १४५ मेगाहर्ट्झला एक मीटर पुरते. अंबरनाथच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेला आणि बदलापुरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा तरुण डोळ्यांसमोर आणावा. गच्ची गृहनिर्माण संस्थेची. वीज पडेल, दूरदर्शन बिघडेल, अशा शंका शेजाऱ्यांच्या. परीक्षेचे केंद्र बरीच वर्षे मुंबईत, म्हणजे बदलापुराहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, आणि तीही कामाच्या दिवशी असल्यास एका दिवसाची मजुरी बुडालेली. मग पोलीस चौकशी. भाड्याचे घर बदलले की पत्ताही बदललेला. ह्या अडथळ्यांपैकी एकही पात्रता मापीत नाही. तरीही तो मधेच गळाला तर ‘आजच्या मुलांत चिकाटी नाही’ असा शेरा मारण्यास आपण मोकळे.

दार रुंद केल्याने दर्जा बुडतो का, ह्याचे प्रत्यक्ष उत्तर जपानने दिले आहे. तेथे १९५८ च्या सुधारणेने मोर्सविरहित आरंभीची श्रेणी निघाली. शक्ती दहा वॉटपुरती, ही तिच्यातील एक अट. तेथील केंद्रांची संख्या १९९० नंतर तेरा लाखांच्या घरात गेली, आणि हौशी यंत्रे बनविणारे जगातील मोठे उद्योग त्याच देशात वाढले. कार्यकारणाचा संबंध सरळ जोडणे धाडसाचे होईल. तथापि दर्जा बुडाला असे म्हणावयास जागा नाही. धोका शक्तीत असतो, म्हणून मर्यादा शक्तीवर घातली, ही त्यातील शहाणपणाची गोष्ट. आपल्याकडे २००७ च्या सुमारास परवानाधारक सोळा हजारांच्या आसपास होते.

दरम्यान दार अरुंद ठेवण्याचा एक निराळाच परिणाम पुढे आला आहे. हातात मावणारे तयार प्रक्षेपक-ग्राहक आता थोड्या पैशांत बाजारात मिळतात, आणि ते घेणाऱ्या अनेकांना परवाना नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नसते. अशा यंत्रांच्या बेकायदा विक्रीस आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. परीक्षेला बसलेला ‘व्हीयू-३’ हा जुन्या मंडळींचा प्रतिस्पर्धी नव्हे. परीक्षेकडे न फिरकता बटण दाबणारा हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला शोधून परीक्षेपर्यंत आणण्याचे काम कोणतेही सरकारी खाते करणार नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास व वालधुनी ह्या नद्यांनी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण येथील वस्त्यांत पाणी घातले. रेल्वे थांबली, दूरध्वनी व भ्रमणध्वनी ठिकठिकाणी बंद पडले. त्याआधी सातच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, पोर्ट ब्लेअर येथे अन्य कामासाठी गेलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या सहकारी हौशी चालकांनी अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क जुळवून दिला होता. अशा प्रसंगी उपयोग होतो तो खोऱ्यातच राहणाऱ्या, बॅटरीवर यंत्र चालविणाऱ्या आणि एक तार दोन झाडांना बांधता येणाऱ्या माणसाचा. त्याचे संकेतनाम ‘दोन’चे आहे की ‘तीन’चे, हे पलीकडून ऐकणारा त्या वेळी विचारीत नाही.