गुणगौरव झाला, पुढे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून गुणगौरव समारंभ सुरू होतात. विहारापुढे मंडप पडतो, माईकवाला सकाळपासून गाणी लावतो, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येतात. मुलांना ट्रॉफी, गुलाबाचे फूल आणि एक वही मिळते. आई पदराने डोळे पुसते. हे सारे चांगलेच आहे. ज्या घरासाठी कधी कुणी टाळी वाजवली नाही, त्या घरासाठी ती वाजलीच पाहिजे. पण हाच मुलगा तीन वर्षांनी बी.ए., बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असतो, तेव्हा त्याला हाक मारून कुणी विचारतो का, की बाबा रे, पुढे काय ठरवलेस?

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचाही असाच सत्कार झाला होता. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपल्याकडे लहान मुलेही सांगतात. त्यापुढची गोष्ट मात्र आपण कमी सांगतो. इंटर झाल्यावर घरात शिक्षणाला पैसा उरला नाही, तेव्हा याच गुरुजींनी शब्द टाकला, भीमरावांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या सभेत टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतील. सभा संपल्यावरही त्या मुलावर लक्ष ठेवणारे गुरुजी होते.

हे मला आधीपासून समजले होते अशी फुशारकी मारत नाही. २०१८ साली आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी आमच्या विहारात पदवीच्या मुलामुलींसाठी मार्गदर्शन वर्ग काढला आणि सगळे करतात तेच केले. एकेका रविवारी एक मोठा अधिकारी बोलवायचा. शाल, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, आभार. साहेब सांगायचे, जिद्द ठेवा, चौदा तास अभ्यास करा. पहिल्या रविवारी साठ मुले होती. सहाव्या रविवारी नऊ, त्यातली चार आमच्याच घरची! साहेबांचा दोष नव्हता, ते मनापासून बोलत. पण त्यांची गाडी वळली की एखादा मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच विचारायचा, "काका, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो?"

त्याच वर्षी एका मुलीचे नुकसान झाले. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून लिहितो. वडील हमाल, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी बी.एस्सी. झालेली, प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत. एम.सी.ए.च्या प्रवेश परीक्षेत चांगले गुण पडले, राखीव जागेवर चांगल्या कॉलेजात नाव लागले. पण जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. जातीचा दाखला होता आणि घरच्यांना वाटले की तोच तो कागद. मुदत संपली, जागा गेली, खुल्या गटाची फी भरण्याची त्या घराची ताकद नव्हती. मी बावीस वर्षे कारकुनी करतो, दिवसभर कागदातच बसलेला असतो. हा कागद मला ठाऊक होता. तिला सहा रविवार भेटलो आणि दर वेळी "अभ्यास कसा चाललाय?" एवढेच विचारले. "वैधता काढलीस का?" हे माझ्या तोंडून निघाले नाही. तिची आई मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर माहितीतले होतात." त्या बाईने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्यानंतर आम्ही व्याख्याने बंद केली. मला एकच विद्या येते, आवक-जावक रजिस्टर ठेवण्याची. तीच लावली. एक मार्गदर्शक आणि दोन विद्यार्थी, यापेक्षा जास्त नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे रजिस्टरमध्ये एक पान. डाव्या बाजूला कागद, उजव्या बाजूला तारखा. दर दुसऱ्या रविवारी भेट आणि मध्ये एक फोन. ज्या कामाची तारीख जवळ आली त्याला लाल शाईने खूण. कचेरीत त्याला स्मरणपत्र म्हणतात. साहेबलोकांच्या घरात हेच काम वडील जेवता जेवता करतात. आमच्या मुलांच्या घरात प्रेमाला तोटा नसतो, पण कुठली खिडकी कधी बंद होते हे सांगणारे कुणी नसते.

वैधतेचेच घ्या. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून आपले घराणे महाराष्ट्रातले असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा कागद. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांच्या शाळेचा दाखला नातवाने आणायचा, हा केवढा विनोद! तरी मार्ग निघतो. आजोबांचा भाऊ दोन यत्ता शिकलेला असला तर त्या शाळेचा उतारा चालू शकतो. तोही नसेल तर तहसील कचेरीतली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल. चुलतभावाची वैधता झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते, पण भावकीत बोलणे नसते म्हणून मुलगा तिकडे जात नाही. मग मार्गदर्शक जाऊन चहा पिऊन येतो. हे काम शेवटच्या वर्षाला नव्हे, पहिल्याच वर्षाला सुरू करायचे.

आणखी एक खड्डा आहे. बौद्धांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो. राज्याचा दाखला घेऊन मुलगा कागद तपासणीला जातो आणि तोंड पाडून परत येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवर ऑनलाईन असतो. आधारला जोडलेले बँक खाते बंद पडलेले असले तर मंजूर झालेले पैसेही अडकतात. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिची रक्कम सुरुवातीला वर्षाला ६०,००० रुपये ठरली होती. किती घरांना हे ठाऊक आहे? आपल्या गल्लीत विचारून पाहा.

आमचे मार्गदर्शक कोण? एक परिचारिका, एक बँकेतला कॅशियर, आयटीआयचे निवृत्त निदेशक, कोर्टातल्या एक स्टेनो ताई, एका कंपनीत संगणकावर काम करणारा तरुण. मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या आमच्या काही बांधवांकडे मी तीन-तीनदा गेलो. एकाने फ्लॅटच्या दारातच चेक दिला आणि सांगितले, "पैसे घ्या, पण वस्तीत बोलावू नका." चेक घेतला. झेरॉक्सचा खर्च निघाला.

मुलींच्या मार्गदर्शक ताईच असतात, भेट विहारात उघड्या दाराने होते आणि दिवेलागणीच्या आत संपते. हा नियम केल्यावर मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त झाली. एका वडिलांनी सोयरीक ठरवायला घेतली होती, तेव्हा परिचारिका ताई आधी मुलीच्या आईशी बोलल्या, मग आजीशी, वडिलांशी सगळ्यात शेवटी. लग्न दोन वर्षे लांबले, मुलीचे नर्सिंग पुरे झाले.

सगळ्यात अवघड काम 'थांब' म्हणण्याचे. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा सहा वर्षे एमपीएससी करत होता. हुशार होता, दोनदा थोडक्यात गेले. भाऊ गोदामात राबून त्याची मेस भरत होता. कुणी त्याला थांब म्हणेना, उलट जो तो 'साहेब' म्हणून हाक मारी. मी त्याला म्हणालो, परीक्षा सोडू नकोस, पण तू बी.कॉम. आहेस, हिशेबाच्या कामाला लाग, टॅली शिक, जीएसटीचे विवरणपत्र भरायला शिक. त्याला राग आला. "काका, तुम्ही कारकून राहिलात म्हणून मलाही कारकूनच करताय," असे चारचौघात बोलला. आता तो एका कर सल्लागाराकडे कामाला आहे, भावाचे लग्न त्याच्याच पगारावर झाले, पण अजून माझ्याशी बोलत नाही. मी बरोबर केले की चूक, हे मला खरोखर माहीत नाही. बाबासाहेबांच्या नावाने वाढलेल्या मुलाला स्वप्न लहान कर असे सांगताना जीभ जड होते. पण भरतीच्या जागा किती आणि अर्ज किती हे आपण पाहतोच, आणि धाकट्या भावाच्या पाठीवर किती वर्षे बसायचे हेही कुणीतरी मोजले पाहिजे. पदवीनंतर पहिली काही वर्षे शिकाऊ उमेदवारीची संधी बी.ए., बी.कॉम.वाल्यांनाही असते, त्यात विद्यावेतन मिळते. ते न करता मुले थेट अभ्यासिकेत बसतात, कारण एवढे सांगणाराही भेटत नाही.

आणि नोकरी लावून देतो म्हणून लाख-दोन लाख मागणारा भेटतो! दागिने गहाण पडण्याच्या आदल्या दिवशी एका घराने आमच्या कॅशियरला फोन केला, तेवढे वाचले. दुसऱ्या एका घराने फोन पैसे दिल्यानंतर केला.

एम.सी.ए.ची जागा गेलेल्या त्या मुलीने वर्षभर मोबाईलच्या दुकानात काम केले. तिची वैधता आम्ही काढली, त्यासाठी मी आणि तिचे वडील तीनदा तिच्या मूळ गावच्या तहसीलला गेलो. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, पण आधीचे कॉलेज नाही, दुसरे. आज ती नोकरीला आहे आणि गेल्या जूनपासून आमच्याकडे मार्गदर्शक आहे. तिच्याकडे पहिल्या वर्षाच्या दोन मुली दिल्या. पहिल्याच भेटीत तिने नाव-गाव विचारले आणि लगेच म्हणाली, "तुझे आजोबा कुठल्या शाळेत होते?"

एकीचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. सोमवारी कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसीलला जायचे आहे. मी रजेचा अर्ज टाकला आहे.