गुरूच्या वाटेवरचा उलटा प्रवासी

सूर्याभोवती आठही ग्रह एकाच दिशेनं फिरतात. लघुग्रहही, मोजके अपवाद सोडले तर, तीच दिशा पाळतात. २०१५च्या जानेवारीत हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला दिसलेला सुमारे ३ किलोमीटरचा एक लघुग्रह मात्र उलटा निघाला, आणि तोही नेमका गुरूच्या वाटेवर! (पंचांगातला गुरू वक्री होतो तो पृथ्वीवरून होणारा भास, हा खरोखरच उलटा फिरतो.) त्याचं नाव २०१५ बीझेड ५०९. पुढं हवाईतल्या विद्यार्थ्यांच्या सहभागातून त्याला ‘काएपाओकाआवेला’ हे नाव मिळालं.

गुरूच्या साठ अंश पुढं-मागं ट्रोजन लघुग्रहांचे थवे आहेत, पण ते गुरूच्याच दिशेनं, अंतर राखून चालतात. एकेरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीसारखा हा लघुग्रह टिकलाच कसा?

गुरू आणि हा लघुग्रह, दोघांनाही सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे बारा वर्षं लागतात. दिशा उलट असल्यानं साधारण दर सहा वर्षांनी ते एकमेकांसमोरून जातात. गुरूची कक्षा जवळपास गोल, लघुग्रहाची बरीच लांबट. त्यामुळं एका भेटीत तो गुरूच्या आतल्या, म्हणजे सूर्याकडच्या बाजूनं निसटतो आणि पुढच्या भेटीत बाहेरच्या बाजूनं. आत असताना गुरू त्याला बाहेर ओढतो, बाहेर असताना आत. सहा वर्षांपूर्वीचा हिसका असा पुढच्या भेटीत फिटतो. थोडं पुढं-मागं झालंच, तर गुरूचं गुरुत्वाकर्षणच त्याला ताळ्यावर आणतं. दोघांमधलं अंतर साडेसतरा कोटी किलोमीटरच्या खाली जात नाही.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती गणिताची दूरदृष्टी. अशी उलटी जोडी स्थिर राहू शकते, हे संशोधक हेलेना मोराइस आणि फाती नामुनी यांनी २०१३मध्येच कागदावर दाखवलं होतं. प्रत्यक्ष पुरावा पॉल वीगर्ट आणि सहकाऱ्यांनी मार्च २०१७मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. त्यांच्या गणितानुसार हा लघुग्रह किमान दहा लाख वर्षं या वाटेवर आहे.

२०१८मध्ये मोराइस-नामुनी यांनी पुढचं पाऊल टाकलं. हा दगड दुसऱ्या ताऱ्याकडून आला असून साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, सूर्यमाला घडत असतानाच, इथं अडकला, असं त्यांचं म्हणणं. कल्पना मोहात पाडणारी आहे. पण त्याच्या आजच्या कक्षेत थोडी अनिश्चितता आहे, आणि इतकं मागं जाताना ती अफाट वाढते. त्यामुळं ‘परक्या ताऱ्याचा पाहुणा’ हे बिरुद त्याला इतक्यात लावू नये.