कादंबरीची ग्वाही आणि कागदाची साक्ष

कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. इतिहासातील एखादी व्यक्ती घेऊन तिच्या तोंडी त्याने आपली वाक्ये घातली, तर त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. परंतु तोच कादंबरीकार जेव्हा आरंभीच ‘हे सत्य आहे’ अशी ग्वाही देतो, तेव्हा ती ग्वाही पारखून घेण्याचा अधिकार वाचकाला प्राप्त होतो. हा अधिकार कसा बजावावा, याचा विचार एका लोकप्रिय कादंबरीच्या आधारे आम्ही येथे करणार आहोत.

डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. अनेक भाषांत, मराठीतही, तिचे भाषांतर झाले. २००६ साली तिच्यावर चित्रपट निघाला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक खून होतो आणि त्याचा माग काढता काढता नायक-नायिका एका गुप्त संघटनेपर्यंत जाऊन पोहोचतात. येशू ख्रिस्ताचा मग्दालीया मरीयेशी विवाह झाला होता, त्यांचा वंश अद्याप टिकून आहे, आणि हे रहस्य ती संघटना शतकानुशतके जपत आली आहे, असे हे कथानक. पुस्तक एकदा हाती घेतले की खाली ठेववत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

आता ती ग्वाही पाहू. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी संघटना आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तिची गुप्त कागदपत्रे मिळाली असून, त्यांत लिओनार्दो द विंची, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो अशांची नावे आहेत, असे आरंभीच्या पानावर सांगितले आहे. कागद ग्रंथालयात आहेत, एवढे खरे. पण ते तेथे आले कसे? या नावाची संस्था पिएर प्लांतार नामक गृहस्थाने व त्याच्या सोबत्यांनी १९५६ साली फ्रान्समध्ये सरकारदरबारी नोंदविली. त्या वेळी तिच्या पत्रकात चर्चा होती ती सामान्यांना परवडणाऱ्या घरांची! पुढे १९६० नंतरच्या दशकात याच मंडळींनी वंशावळी आणि नावांच्या याद्या रचून ग्रंथालयात नेऊन ठेवल्या. सातशे एक्कावन्न साली सत्ता गमावलेल्या मेरोव्हिंजियन राजघराण्याचा आपण वारस आहोत, असे प्लांतार म्हणवीत असे. या प्रकरणातील ‘प्राचीन’ चर्मपत्रे आपणच बनविली, असे त्याचा सहकारी फिलिप द शेरिसे याने स्वतः सांगितले आहे. मध्ययुगात जेरुसलेम येथे मिळत्याजुळत्या नावाचा एक मठ होता खरा. परंतु त्या मठाशी या संस्थेचे नाते जोडणारा पुरावा नाही.

याच्या शेजारी दुसरा कागद ठेवून पाहू. ‘मोना लिसा’ हे नाव लिओनार्दोने आमोन आणि इसिस या इजिप्शियन देवतांच्या नावांवरून योजले, असे कादंबरी सुचविते. वस्तुतः चित्राला हे नाव लिओनार्दोने दिलेलेच नाही. ‘मोना’ म्हणजे इटालियन भाषेत ‘बाईसाहेब’. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात सिसेरोच्या पत्रांची एक जुनी छापील प्रत आहे. तिच्या समासात फ्लॉरेन्सचा एक अधिकारी आगोस्तिनो वेस्पुच्ची याने ऑक्टोबर १५०३ मध्ये टिपून ठेवले आहे की, लिओनार्दो लिसा देल जोकोंदो हिचे चित्र काढीत आहे. ही टीप २००५ साली उजेडात आली.

दोन्ही कागद ग्रंथालयातलेच. मग एक खरा आणि दुसरा खोटा, हे ओळखावे कसे? पहिला कागद सांगितलेल्या घटनेनंतर साडेआठशेहून अधिक वर्षांनी लिहिला गेला. ज्याला त्यापासून मोठेपणा मिळायचा होता, त्याच्याच गोटात तो जन्मला. आणि लोकांना सापडावा म्हणूनच तो तेथे ठेवला गेला. दुसरा कागद चित्र रंगत असतानाच लिहिला गेला. लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे नव्हते. आणि वाझारी या चरित्रकाराने १५५० साली स्वतंत्रपणे दिलेल्या माहितीशी तो जुळतो. ग्रंथालय कागद सांभाळते. त्यातील मजकुराची हमी घेत नाही.

कादंबरीतील एक पात्र असेही म्हणते की, येशूचे देवत्व ३२५ सालच्या निकाया येथील धर्मपरिषदेत थोड्याशा मतांच्या फरकाने ठरविण्यात आले. वास्तविक ख्रिस्ती लेखनात ती श्रद्धा त्याच्या कितीतरी आधीपासून व्यक्त झालेली दिसते. परिषदेत वाद होता तो पिता आणि पुत्र यांच्या नात्याच्या स्वरूपाचा; आणि जमलेल्या शेकडो बिशपांपैकी अखेरपर्यंत विरोधात राहिले ते अवघे दोन.

एका करमणुकीच्या पुस्तकासाठी एवढी उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या गोमंतकात हिंदूंचे तुळशीवृंदावन आणि ख्रिस्ती बांधवांचा खुरीस शेजारी शेजारी उभे आहेत. कोणी काय मानावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. इतिहास त्यात निवाडा देत नाही. परंतु बनावट कागदाच्या जोरावर शेजाऱ्याच्या श्रद्धेला ‘फसवणूक’ म्हणणे, हा निखालस अन्याय होय. आज हे दुसऱ्याच्या बाबतीत घडते. उद्या असाच एखादा कागद आपल्या देवळाविषयी, आपल्या गावाविषयी किंवा एखाद्या समाजाच्या कुळाविषयी कोणी पुढे करील. त्या वेळी कागदाचा पिवळेपणा पाहून भुलणारी माणसे गावात भांडणे लावून बसतील.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, कादंबऱ्या अवश्य वाचा, रात्र जागवूनही वाचा. मात्र कोणी ‘हा पाहा पुरावा’ म्हणून कागद पुढे केला, तर तीन प्रश्न नम्रपणे पण न चुकता विचारा : हा कोणी लिहिला? केव्हा लिहिला? आणि लिहिणाऱ्याचा त्यात हेतू काय होता? उत्तरे मिळेपर्यंत मत बनविण्याची घाई करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.